दुमडलेला आलेख

गेल्या महिन्यात तू मला तुझ्या प्रोजेक्टचं चित्र पाठवलंस. काळ्या पडद्यावर एक अँटेना, तिच्याभोवती लाल, पिवळे, निळे पट्टे. मी विचारलं, गणितासाठी हिचे तुकडे किती केलेस? तू लिहिलंस, "आजी, ते सॉफ्टवेअर आपोआप करतं." मी उत्तरात एक हसरा चेहरा पाठवला आणि फोन पालथा ठेवला. मग स्वयंपाकघरातले सगळे डबे खाली काढून पुसले. तुमचे आजोबा असते तर म्हणाले असते, ही रागावली की घर कसं आरशासारखं होतं.

राग तुझ्यावर नव्हता. तो त्या 'आपोआप'वर होता, आणि तो जुना आहे. तुमच्या आईलाही मी हे नीट सांगितलेलं नाही. तिला एवढंच आठवतं की एका वर्षी आई संध्याकाळी घरी आली की भाजी फार जोरात चिरायची. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं. आकडेमोड मी अजून इंग्रजीतच करते, राग मात्र मराठीतच येतो, म्हणून हे मराठीत लिहिते आहे. धाकट्याला अडलं तर तू वाचून दाखव. क्रमाने सांगते.

नव्वदच्या दशकात मी हेब्बाळच्या बाजूला एका संशोधन संस्थेत काम करत होते. आम्ही राहायचो जे. पी. नगरला, म्हणजे बेंगळुरूच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला रोजची ये-जा, मध्ये बस बदलून. विभागात बाई म्हणून मी एकटी. आमचे विभागप्रमुख म्हैसूरकडचे, बोलायला गोड, इंग्रजीत वाक्य सुरू करून 'सरी', म्हणजे कन्नडमध्ये 'ठीक आहे', म्हणून संपवणारे. ते 'सरी' म्हणाले की चर्चा संपली, असं आम्ही सगळे समजायचो.

माझं काम काय होतं ते आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं भांडण तुम्हाला सासवासुनांचं वाटेल.

सर्किटच्या बोर्डवर तांब्याच्या बारीक पट्ट्या असतात. वीज सावकाश बदलत असते तोवर पट्टी म्हणजे नुसता रस्ता. पण तेव्हा प्रोसेसर भराभर वेगवान होत होते, आणि वेग वाढला की तीच पट्टी अँटेनासारखी वागायला लागते. सिग्नल टोकाला आपटून मागे येतो, शेजारच्या पट्टीत घुसतो, थरथरत राहतो. हे आधीच कळावं म्हणून आम्ही पट्टीचे कागदावर लहान लहान तुकडे करायचो. प्रत्येक तुकडा म्हणजे एक छोटी कॉइल, एक छोटा कपॅसिटर, एक छोटा रेझिस्टर. मग प्रत्येक तुकड्याचा दुसऱ्या प्रत्येक तुकड्यावर होणारा परिणाम मोजायचा. तोही लगेचचा नाही, कारण एका तुकड्याची खबर दुसऱ्याला पोचायला प्रकाशाला लागतो तेवढा वेळ जातो. असं केलं की क्षेत्रांचं अवघड गणित एका अवाढव्य सर्किटचं गणित होतं. सर्किट सोडवायला आम्हाला येत होतं. संगणक काळाची एकेक पायरी चढत उत्तर काढायचा आणि प्रिंटर ते लांबच लांब कागदावर रेघेने काढून द्यायचा.

आता या पद्धतीचं दुखणं. सुरुवातीचा भाग सुरेख यायचा. सिग्नल चढला, थोडा थरथरला, निवू लागला. आणि निवता निवता मध्येच त्या रेघेला एक बारीक कंप सुटायचा. तो वाढायचा. वाढत वाढत कागदाच्या वरच्या कडेबाहेर निघून जायचा. अरे, समोर आहे काय? तांबं आणि फायबरचा पत्रा. त्यात बॅटरी नाही, काही नाही. जेवढं दिलं त्यापेक्षा जास्त परत द्यायला त्याच्याकडे आणणार कुठून? म्हणजे ती वाढ तांब्याची नव्हती, आमच्या गणिताची होती. तुकडे जाड केले, दोन तुकड्यांमधला उशीर फक्त मध्यापासून मध्यापर्यंत मोजला, की गणित असं उशिरा वेडं होतं. हे जगभर माहीत होतं, आम्ही काही जगावेगळे नव्हतो.

त्या वर्षी आमच्याकडे राजाजीनगरचे एक कारखानदार आले. निपाणीकडचे, घरी मराठी, कारखान्यात कन्नड, आमच्या साहेबांशी तोडकंमोडकं इंग्रजी. इस्पितळात पेशंटच्या उशाशी ठेवतात ते हृदयाच्या ठोक्यांचे मॉनिटर ते बनवायचे. नव्या मॉनिटरमध्ये त्यांना जास्त वेगाचा प्रोसेसर घालायचा होता. प्रश्न एकच होता. बोर्डवर एक रीसेटची पट्टी असते. तिच्यावरचा विजेचा दाब ठरावीक रेषेच्या खाली गेला की प्रोसेसर सगळं सोडून पहिल्यापासून सुरू होतो. शेजारच्या पट्ट्यांच्या थरथरीने ती पट्टी कधी चुकून त्या रेषेखाली जाईल का? गेली, तर ऑपरेशन चालू असताना मॉनिटरचा पडदा काळा होईल. तेवढ्या वेळात टेबलावरच्या माणसाचं हृदय काय करतंय हे कोणालाच दिसणार नाही.

मी मॉडेल केलं आणि आलेख घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. रेघ चढली होती, थरथरली होती, रेषेच्या अगदी जवळ येऊन वर फिरली होती, आणि पुढे नेहमीसारखी वेडी झाली होती. मी म्हटलं, "सर, अजून खात्रीने सांगता येत नाही. तुकडे बारीक करावे लागतील. बराच वेळ लागेल."

साहेबांनी कागद दोन्ही हातांनी टेबलावर सपाट केला. मग उजवीकडचा वेडा भाग मागे दुमडला, नखाने घडी पक्की केली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"आता बघा," ते म्हणाले. "सुंदर आहे. याची झेरॉक्स काढा."

"सर, पुढचा भाग?"

"पुढचा भाग बोर्डचा नाही, असं तुम्हीच म्हणता ना? मग तो गिऱ्हाइकाला दाखवायचा कशाला? सरी."

"पुढचा भाग खोटा आहे हे मला माहीत आहे, सर. पण तो खोटेपणा नेमका कुठून सुरू होतो हे माहीत नाही. घडीच्या डावीकडेही तो थोडा शिरला असेल. रीसेटची रेषा इतक्या जवळ आहे की थोडाही पुरेल."

"मॅडम," ते हसून म्हणाले, "तुम्ही फार रागावता."

मी तोवर आवाज चढवलेला नव्हता. हे वाक्य ऐकल्यावर मात्र माझे कान तापले. त्या वाक्याला उत्तर नसतं. नाही म्हटलं तरी तोच पुरावा. मी कागदाची घडी उलगडली आणि सांगितलं की याच्यावर माझी सही होणार नाही.

दुसऱ्या दिवशी काम माझ्याकडून गेलं. ते विभागातल्या नव्या मुलाकडे दिलं. पुण्याहून आलेला, हुशार, चटपटीत. मला कॅन्टीनमध्ये काकू म्हणायचा ते ठीक, पण मीटिंगमध्येही काकू म्हणायचा. त्याला बिचाऱ्याला त्यात आदर वाटत असे. त्याला कोणी 'बाळ' म्हणून मीटिंगमध्ये हाक मारली असती तर कळलं असतं. संस्थेतलं सर्वांत जलद वर्कस्टेशनही त्याच्या टेबलाकडे गेलं.

आठवडा संपायच्या आत त्याचा आलेख आला. रेघ चढली, जराशी थरथरली, निवली आणि कागदाच्या शेवटापर्यंत तळ्यासारखी सपाट. साहेबांनी सगळ्यांना बोलावून दाखवला. कारखानदारही आले होते.

"हे कसं केलंस?" मी विचारलं.

"सिंपल आहे काकू. प्रत्येक कॉइलला पॅरलल एक रेझिस्टर टाकला. ऑसिलेशन डॅम्प झालं. स्टँडर्ड ट्रिक आहे."

"ते रेझिस्टर बोर्डवर आहेत?"

"नाही, नाही. फक्त मॉडेलमध्ये."

"किती ओहमचे?"

"असे ट्राय करत करत... जिथे स्टेबल झालं तिथे थांबलो."

"ते निम्म्या जोराचे करून पाहिलंस? रीसेटच्या पट्टीवरची थरथर तेवढीच राहते का?"

तो साहेबांकडे बघायला लागला. साहेब म्हणाले, "मॅडम, स्वल्प थांबा. गिऱ्हाइकासमोर नको."

तुम्हाला यातली खोच कळावी म्हणून थोडी थांबते. गणिताचा वेडेपणा शमवायला असा खोटा रेझिस्टर घालणं हे पाप नाही. सगळे घालायचे, मीही घातलेला आहे. पण तो रेझिस्टर गणिताची थरथर कुठली आणि तांब्याची कुठली हे ओळखत नाही. दोन्ही गिळतो. म्हणून घातल्यावर तो बदलून बघायचा असतो. जो आकडा मी माझ्या मनाने घातलेल्या रेझिस्टरसरशी हलतो, तो आकडा तांब्याचा नव्हे, माझा. साहेबांचा दुमडलेला कागद निदान दुमडलेला होता. कोणी खवट माणूस तो उलगडू शकला असता. या नव्या आलेखाला उलगडायला घडीच नव्हती.

कारखानदार जाताना पायऱ्यांवर भेटले. मी विचारलं, "तुमचा आत्ताचा, जुना मॉनिटर कसा वागतो?"

"त्याचं काय आता, अक्का? नवा येतोय की."

"पण वागतो कसा?"

"बरा हाय. कधी कधी आपला आपण बंद होऊन चालू होतो. इस्पितळात करंटचा खेळ असतोय न्हवं. दिवसातनं दहादा येतो नि जातो."

मी बसमध्ये बसले आणि हेब्बाळपासून घरापर्यंत त्या वाक्याचा विचार करत राहिले. तेव्हा बेंगळुरूमध्ये काहीही बिघडलं की दोष करंटचा. फ्रीज बिघडला, करंट. परीक्षेत मार्क कमी पडले, करंट. आणि तो खरंच इतका जायचा की दुसरं कारण शोधायची कोणाला गरजच पडत नसे. पण इस्पितळाच्या मॉनिटरला आत स्वतःची बॅटरी असते. करंट गेला तर त्याने का दचकावं?

शनिवारी मी राजाजीनगरला त्यांच्या कारखान्यात गेले. विभागाला न सांगता गेले. ते मला बघून खूश झाले नाहीत. चहा सांगितला, खुर्ची पुसून दिली, पण चेहरा उतरलेला.

"अक्का, खरं सांगतो, मला कायबी कळंना. तुमच्याच हापिसात एक जण म्हणतोय सगळं शांत हाय, तुमी म्हंता न्हाई. एका घरात दोन पंचांगं? मी बोर्ड बनवायला टाकले. त्या आलेखाचा रिपोर्ट आला, तो बघूनच टाकले."

"थांबवता येतील?"

"तुमी म्हंता म्हणून? तुमची तर सहीबी न्हाई रिपोर्टवर. बोर्डवाला मला विचारणार, कुणी थांबवाय सांगितलं? मी काय सांगू, एक मॅडम रागावल्यात?"

दुसरा माणूस, दुसरी जागा, दुसरी भाषा, आणि तेच वाक्य. पण इथे त्यांचं बरोबर होतं. त्यांना माझा राग काय उपयोगाचा? त्यांना कागद हवा होता.

"मला जुना बोर्ड द्या," मी म्हटलं. "चालू असलेला. आणि एक सांगा, तो दचकतो तेव्हा दरवेळी करंट गेलेला असतो, हे कोणी पाहिलंय?"

त्यांनी कप खाली ठेवला. "न्हाई," ते म्हणाले. "आमी तसं धरून चाललो." मग उठून त्यांनी स्वतः एक मॉनिटर उघडला, बोर्ड काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि माझ्या कापडी पिशवीत ठेवला. "सांभाळून हां अक्का. बसमध्ये पिशवी मांडीवर घ्या."

सोमवारी मी तो बोर्ड पुण्याच्या मुलाच्या टेबलावर ठेवला. वर्कस्टेशन त्याच्याकडे होतं, दुसरा मार्ग नव्हता. खरं सांगायचं तर भांडायच्या तयारीनेच गेले होते.

"हा जुना बोर्ड," मी म्हटलं. "हा आजारी आहे हे माहीत आहे. तुझ्या मॉडेलला विचार, हा आजारी आहे का."

त्याने बोर्ड उलटासुलटा करून पाहिला. त्या मुलाबद्दल एक चांगली गोष्ट नोंदवून ठेवते: त्याला कुतूहल होतं. त्याने नाही म्हटलं नाही. जुन्या बोर्डची मापं घातली, त्याचे ते रेझिस्टर घातले, आणि आलेख काढला. तळ्यासारखा सपाट. जुना बोर्ड ठणठणीत.

मग आम्ही खालच्या प्रयोगशाळेत जाऊन त्याच बोर्डच्या रीसेटच्या पट्टीला ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेचा दाब पडद्यावर रेघेने दाखवणारं यंत्र, लावला. पडद्यावर रेघ आली. सपाट नव्हती. प्रत्येक वेळी शेजारची पट्टी हलली की रीसेटची पट्टी ताणलेल्या तारेसारखी थरथरत होती, आणि मधूनच एखादा झोका खालच्या रेषेला टेकत होता.

"प्रोबची ग्राउंड वायर लांब आहे," तो लगेच म्हणाला. "तिच्यामुळे दिसत असेल."

हा आक्षेप योग्य होता. प्रोब म्हणजे ऑसिलोस्कोपची बोर्डला टेकवायची सुई, आणि तिची लांब वायर स्वतःच थरथर निर्माण करते. आम्ही वायर काढून टाकली, प्रोबच्या टोकाला तारेचा एक वेढा गुंडाळून अगदी शेजारी टेकवला. थरथर थोडी कमी झाली. गेली नाही. तेवढ्यात इमारतीचा करंट गेला आणि आम्ही दोघं काळ्या पडद्यासमोर अंधारात उभे राहिलो.

"आता साहेबांना सांग, करंटमुळे होतं," मी म्हटलं.

तो हसला नाही. म्हणाला, "मॅडम, मी रेझिस्टर हाफ करून बघतो." काकू तिथून पुढे बंद झालं, कॅन्टीनमध्येही.

त्याने रेझिस्टरचा जोर निम्मा केला. थरथर वाढली. परत निम्मा केला, परत वाढली. पण फार कमी करावा तर गणित पुन्हा वेडं व्हायचं. मग आम्ही माझ्या जुन्या मार्गाने गेलो. पट्टी जिथे वळते तिथे तुकडे बारीक केले, दोन तुकड्यांमधला उशीर मध्यापासून न मोजता आतल्या आणखी बारीक भागांमधून मोजला. यंत्र दिवसचे दिवस चालत राहायचं. लोक येऊन विचारायचे, कधी संपणार? तो मुलगा त्यांना परत पाठवायचा. आता रेघ ऑसिलोस्कोपच्या रेघेवर जवळजवळ बसली. शेवटी शेवटी तिला बारीक कंप सुटायचाच, मी खोटं सांगणार नाही, पण तो आपल्याला हव्या त्या भागाच्या कितीतरी पुढे.

त्याच मापाने नवा बोर्ड पाहिला. तो जुन्यापेक्षा वाईट होता. जुना मधूनच दचकायचा. नवा सारखा दचकला असता.

दोन्ही आलेख, ऑसिलोस्कोपचा फोटो, सगळं घेऊन मी साहेबांकडे गेले. पूर्ण लांबीचे कागद, न दुमडलेले. त्यांनी बघितले. ते मूर्ख नव्हते, हे मला कबूल आहे, आणि म्हणूनच राग जास्त. त्यांनी बोट नेमकं तिथेच ठेवलं.

"इथे शेवटी हेही बिघडतंय."

"हो, सर."

"मग तुम्हीसुद्धा शेवट सोडूनच वाचता. मी लवकर दुमडलं, तुम्ही उशिरा दुमडता. फरक काय?"

"फरक असा की मी कुठे थांबते ते कागदावरच लिहिलंय. आणि तुकडे दुप्पट केले की हा बिघाड आणखी पुढे सरकतो, पण मधलं उत्तर जागचं हलत नाही. तुम्ही दुमडलंत तिथलं उत्तर तुकडे दुप्पट केल्यावर हलतं. मी हलवून पाहिलंय."

ते खुर्चीत मागे टेकले. "रिपोर्ट गेलेला आहे, मॅडम. आता आपण दुसरा रिपोर्ट पाठवला तर संस्थेची काय शोभा राहील? त्यांना तोंडी सांगा की थोडी काळजी घ्या."

"तोंडी सांगितल्यावर बोर्ड थांबत नाहीत. त्यांना सहीचा कागद लागतो."

"तुम्ही शांतपणे विचार करा."

"मी विचार शांतपणेच केला आहे, सर. बोलणं फक्त तसं होत नाहीये."

"सरी," ते म्हणाले, आणि फाइल मिटली.

मी बाहेर आले. त्या दिवशी घरी गेल्यावर मी पातेली आपटली का, हे तुमच्या आईला विचारा. तुमचे आजोबा दारात उभे राहून म्हणाले, "नोकरी सोडायची असेल तर सोड. पण सोडण्याआधी बोर्ड थांबव." त्यांना सर्किटमधलं काही कळत नसे. हे मात्र नेमकं कळलं.

बोर्ड थांबवला त्या पुण्याच्या मुलाने. दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच साहेबांच्या खोलीत गेला आणि म्हणाला, "सर, रिपोर्टमधला आलेख माझा आहे. तो चुकीचा आहे. मी मागे घेतो." मी दाराबाहेर होते, सगळं ऐकू येत होतं. साहेबांनी त्याला बसायला सांगितलं. कॉफी मागवली. काय निरीक्षण आलं ते सविस्तर विचारलं. रेझिस्टर निम्मे केल्यावर काय झालं, प्रोबची वायर काढल्यावर काय झालं. मध्ये मध्ये "इंटरेस्टिंग" म्हणाले. जेवणाच्या सुट्टीआधी सहीचा कागद कारखानदारांकडे गेला.

मुलांनो, इतकी वर्षं झाली, साहेबही आता नाहीत, आणि तरी हे लिहिताना पेन कागदात रुततंय. एक अक्षर वेगळं नव्हतं. तोच आलेख, तोच फोटो, तोच प्रश्न. मी म्हटलं तेव्हा तो माझा स्वभाव होता. त्याने म्हटलं तेव्हा ते निरीक्षण झालं. त्याला मी दोष देत नाही, तो त्या खोलीत गेला हे सोपं नव्हतं. पण पुढे काही दिवस लोक मला म्हणायचे, बघा, शांतपणे सांगितलं की ऐकतात. मी शांतपणे सांगितलेलं होतं. पहिल्याच दिवशी, घडी पडायच्या आधी.

बोर्डवर उपाय लहानसा निघाला. शेजारच्या ज्या पट्टीमुळे थरथर होत होती, तिच्या सुरुवातीला एक रेझिस्टर जोडायचा. खरा, तांदळाच्या दाण्याएवढा, ज्याला सोल्डर लागतं आणि जो गरम होतो. नवे बोर्ड आले तेव्हा कारखानदारांनी मला फोन करून बोलावलं. आम्ही दोघं त्यांच्या टेबलाशी बसून ऑसिलोस्कोपकडे बघत होतो. रेघ चढली, जराशी थरथरली, निवली.

"झालं की अक्का," ते म्हणाले.

"थांबा अजून."

"आता काय बघताय?"

"शेवट."

ते हसले, पण थांबले. चहा आला, गार झाला, रेघ तशीच राहिली. "आणि जुने?" मी विचारलं. ते म्हणाले, जुने मॉनिटर इस्पितळांतून एकेक करून परत मागवतोय, त्यांनाही तो दाणा लावतोय. "करंटला उगंच शिव्या घातल्या इतकी वर्षं," ते म्हणाले. "तरी घालाय पायजेत, ते वेगळं."

संस्थेत शेवटचा रिपोर्ट तयार झाला. पूर्ण आलेख त्यात जायचा होता. साहेबांनी सही केली, माझीही सही झाली, आणि तो फाइल करायला दिला. संध्याकाळी मी सहज बघायला गेले तर फाइलवाल्या कारकुनाने आलेखाचा उजवा भाग मागे दुमडून टाचणी मारलेली. शेवटचा कंप आणि त्याच्याखाली मी लिहिलेली 'यापुढे विश्वास ठेवू नये' ही ओळ, दोन्ही घडीच्या आत.

माझा आवाज चढला, हे इथे मान्य करते. तो बिचारा घाबरून कन्नडमध्ये म्हणाला, "अक्का, फाइलमध्ये बसत नाही हो. लांब आहे." मी टाचणी काढली, कागद उलगडला आणि आम्ही दोघांनी मिळून तो फाइलच्या बाहेर लोंबत राहील असा शिवला. कपाटात ठेवला की कागदाची कड दारात अडकायची. कपाट उघडणारा प्रत्येक माणूस वैतागायचा. मी निवृत्त होईपर्यंत ती कड तशीच अडकत होती, आणि मला ते फार आवडायचं.

तर आता तुझ्या अँटेनाकडे येते. सॉफ्टवेअरने आपोआप किती तुकडे केले ते शोधून काढ. ते दुप्पट कर. आत कुठे त्याने न सांगता काही शमवणारं घातलंय का, तेही बघ. असेल तर बदलून बघ. चित्र जागचं हललं नाही तर मला परत पाठव, मी ते फ्रीजवर लावीन. हललं तर हसरा चेहरा पाठवू नकोस. फोन कर.